पैरा

उद्यमनगरात बापूंच्या लेथवरच्या माळ्यावर
रात्री पावणेअकराला लॅपटॉप उघडतो.
खाली शटर ओढलंय. बीडाचा वास मात्र
जिन्यानं वर येऊन बसलाय, भाडं न देता.

आज माझी पाळी.

सहा जण आहोत. एकाला एक रात्र.
सुचेल ते लिहायचं, खुपेल ते खोडायचं,
का खोडलं ते एका ओळीत सांगायचं,
आणि बाराला हात बाजूला.
आराखडा नाही. साहेब नाही.
सुकुमार मगदूमनं हे काढलं
गंगावेशीत, दुधाचा फेस मिशीला असताना :
"लावणीला पैरा करत्यात का न्हाई?
आज तुझ्या रानात, उद्या माझ्या.
तसंच. फक्त कोड."

आणि करायचं काय, तर पाण्याच्या पाळ्या.
त्याच्या गावात एका मोटरीवर एकतीस खातेदार,
लाइट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री,
पाटकऱ्याच्या वहीत शाईपेक्षा भांडणं जास्त.
कुणाचं पाणी कधी, एवढंच सांगणारा प्रोग्रॅम.
कुणीही घ्यावा, कुणीही उसवावा.

पहिल्या फेरीत मी साठ ओळी लिहिल्या,
एकीत एक अडकवलेल्या,
तालमीतल्या नव्या पोरानं
आरशासमोर दंड फुगवावा तशा.
दुसऱ्या रात्री शाहीन शिकलगारनं त्या नऊवर आणल्या.
कारण : "वाचताना दम लागला. नऊ ठेवलो."
दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.
तिला ते कळलंही नाही,
ती सीपीआरच्या लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या मोजत होती.

निवास कुंभारनं अख्ख्या रात्रीत
एक वेलांटी बदलली.
'पाणि'चं 'पाणी' केलं आणि झोपला.
आम्ही हसलो. तो म्हणाला, दिसलं तेवढं केलं.

पाचवा कोण, आम्हाला माहीत नाही.
नाव लावतो सावू. कुठल्यातरी गारठ्यात राहतो,
आमची रात्र संपते तेव्हा त्याचं जेवण होत असावं.
ऊस त्यानं पाहिलेला नाही.
त्यानं कोड लिहिलाच नाही, फक्त विचारलं :
ज्याच्या पाळीला वीज जाते
त्याची पाळी परत कधी येते?

सुकुमार गप्प झाला.
मग म्हणाला, आनंदीकाकू भोपळे.
टोकाचं अर्धा एकर.
सतरा वर्षं तिच्या वेळेला लाइट जाते
आणि सतरा वर्षं आम्ही म्हणतोय, पुढच्या फेरीला.

तर आज माझ्याकडं काकूंचं रान आलंय.
पाळी हुकली त्याला रांगेत पुढं घ्यायचं :
बोलायला सोपं.
अकरा वीसला लिहून झालं.
अकरा पंचवीसला टेस्ट सांगते, कुणीतरी दोनदा पाणी घेतंय.
कोण, ते सापडत नाही.
अकरा चाळीस. एकतीस नावं परत वरून खाली.
शाहीनच्या नऊ ओळींना हात लावावासा वाटतो,
लावत नाही.

अर्धं सोडायची सवय नाही मला.
बापू म्हणतात, चकात धरलेला पीस
उतरवल्याशिवाय जेवायचं नाही.
त्या हिशोबानं मी आज उपाशी.

पावणेबाराला उज्ज्वला हुपरेचा फोन.
उद्याची पाळी तिची.
"झोपलास?"
"एक माणूस दोनदा येतोय गं."
"येऊ दे की. लिहून ठेव नि सोड.
सगळं तूच केलास तर मी काय भांडी घासू?"

कारणाच्या जागी लिहितो :
"एक जण दोनदा येतोय. सापडला नाही.
काकूंचं तेवढं मोडू नका."
बारा. हात बाजूला.

जिना उतरताना टॉर्च लेथवर पडतो.
चकात पुली, अर्धी उजळ, अर्धी काळी,
टूल अजून टेकलेलं.
बापू आज जेवूनच झोपलेत.
पुलीवर खडूनं, त्यांच्या तिरक्या अक्षरात :
रंगराव, इथनं पुढं.